बावन्न नारळांचा सत्कार

मागच्या प्रकरणांत मी क्रमाक्रमाने बारा, अठरा आणि तेवीस वर्षांचा झालो. मुंज झाली, इंजिनिअर झालो, लग्न झालं, नोकरीपायी हॉलंडात आलो, केस गेले. हे सगळं वेळच्या वेळी पार पडलं. मोठं होण्याचं काम तेवढं राहून गेलं होतं. ते उरकलं तेव्हा माझं वय एकोणसाठ होतं, आणि त्यासाठी युक्रेनमधला एक अख्खा ऑर्केस्ट्रा लागला. तेव्हा वाढत्या वयाच्या या आठवणींत टक्कल पडलेला नायक कुठून आला, असं कोणी विचारू नये. काही मुलं उशिरा चालायला लागतात, मी त्यांतला.

नायमेखनला आमचं घर एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगेत आहे. इतकं चिकटलेलं, की आमच्या कुकरची शिटी झाली की शेजारचे विम आजोबा बटाटे सोलायला घेतात. मी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या कामावर होतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि पगार घ्यायचा. मुलगी नोकरीला लागून डीमनला राहायला गेली. ती आमचं मराठी ऐकते आणि उत्तर डचमध्ये देते. ती गेल्यावर घर शांत झालं. वसुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, ती शांतता आवडली. मला कुठे शांतता दिसली की तिथे दोन शब्द बोलावेसे वाटतात. त्या हौसेतून मी इथल्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक चिटणीस झालो.

हे पद काय असतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. गणपतीत मुलांची नाटुकली बसवायची, जिच्यात गणपतीसुद्धा इंग्रजीत बोलतो. दिवाळी पहाट सकाळी अकराला घ्यायची, कारण शाळेचा हॉल त्याआधी उघडत नाही. आणि सत्कार करायचे. सत्कार हे आमच्या मंडळाचं खरं कार्य; बाकीचे कार्यक्रम सत्काराला निमित्त हवं म्हणून. आमच्याकडे येणारा जाणारा कोणी शाल, नारळ आणि मानपत्र घेतल्याशिवाय सुटत नसे, आणि मानपत्र लिहावं तर मीच, असा माझा लौकिक होता. लौकिक म्हणजे मी तसं म्हणायचो आणि दुसरं कोणी लिहायला तयार नसे. शाळेच्या हॉलचा एक डच रखवालदार निवृत्त झाला तेव्हा मी त्याला ‘सेवाव्रती, निरलस, कर्तव्यकठोर’ वगैरे विशेषणांची चौकट करून दिली. चौकट हातात पडल्यावर बिचारा पांढराफटक पडला. त्याला वाटलं, पेन्शन थांबवल्याची नोटीस आहे.

तर अशा या जोरात मंडळाचे अध्यक्ष पटवर्धन यांचा एका संध्याकाळी फोन आला. पटवर्धन आमच्यात सगळ्यात जुने, आणि बोलताना ते नेहमी उभे असल्यासारखे बोलतात, फोनवरसुद्धा.

“देवधर, युक्रेनचा ऑर्केस्ट्रा येतोय. युद्ध सुरू झाल्यापासून बसने गावोगाव फिरतायत बिचारे. आपल्या थिएटरने गावातल्या लोकांना विचारलंय, वादकांना तीन रात्री घरी ठेवून घ्याल का म्हणून. मी आपल्या नऊ घरांची नावं दिली.”

“छान केलंत.”

“छान काय, संधी आहे ही.”

“कसली?”

“दिसण्याची! हेमेंटेचे लोक असणार, पेपरवाले असणार. दर वर्षी आपण आपलाच सत्कार करतो. यंदा जागतिक करू. मी त्या थिएटरच्या बाईंकडून स्टेजवरची दहा मिनिटं मागून घेतलीयत.”

हेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका. तिच्या नजरेत येणं ही परदेशातल्या प्रत्येक मंडळाची मोक्षाची कल्पना असते. मी त्याच रात्री मानपत्राला बसलो. ‘रणांगणाच्या ज्वाळांतून सुरांची गंगा घेऊन आलेल्या’ अशी सुरुवात सुचली आणि माझे मलाच डोळे भरून आले. ज्वाळांतून गंगा कशी आणतात, वाफ नाही का होणार, हे वसुधाने विचारलं. तिला काव्य कळत नाही असं मी म्हणालो.

आमच्या वाट्याला आली हलिना. येण्याआधी मी तिला एक लांबलचक मेल पाठवली होती. तीत घराचा पत्ता, कुत्रा नसल्याचा निर्वाळा, आणि एक खास सूचना: तुम्ही ज्या सोमवारी निघाल तो महिन्यातला पहिला सोमवार आहे, त्या दिवशी दुपारी बाराला इथे धोक्याच्या भोंग्याची चाचणी होते, तरी घाबरू नये, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘धन्यवाद. आमच्याकडे रोज होतो, सोमवारची वाट बघावी लागत नाही.’ मला यातला टोमणा कळला नाही. मी ते उत्तर मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, आणि खाली लिहिलं, ‘काय ही जिद्द!’

शुक्रवारी ती आली. पंचावन्नच्या आसपासची, आखूड केसांची, खांदे थोडे डावीकडे कललेले, कारण चाळीस वर्षं त्या खांद्यावर व्हिओला. व्हिओला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण: अंगाने मोठी, आवाजाने खालची, आणि घरातल्या थोरल्या बहिणीसारखीच, सगळं सांभाळून कोणाच्या नजरेत न भरणारी. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी दारातच म्हणालो, “वा, व्हायोलिन!” ती म्हणाली, “नाही,” आणि चपला काढून आत आली. तिच्याशी आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, तिच्या मोडक्या आणि आमच्या सरकारी इंग्रजीत. इथे मी ते मराठीत देतोय, त्यामुळे ती आहे त्याहून मवाळ वाटण्याचा धोका आहे.

वसुधाने पहिल्या दिवशी थालीपीठ आणि लोणी केलं. ते हलिनाने तीन वेळा मागून घेतलं. बिटाची कोशिंबीर मात्र चमच्याने उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, “हे शिजवायचं राहिलं का?” वसुधा म्हणाली, आम्ही दह्यात कच्चंच किसतो. हलिनाने मान हलवली. अडाणी माणसांना उगाच दुखवू नये म्हणून हलवतात तशी. मग संपवलं मात्र सगळं. कुकरची शिटी झाली तेव्हा तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “तुमचा कुकर थोडा खाली लागतोय.” त्यानंतर आजतागायत आमच्याकडे भात झाला की वसुधा म्हणते, “लागला बाई खाली.”

शनिवारी ती सकाळभर माडीवरच्या खोलीत सराव करत होती, आवाज दाबायची चिमटी तारांवर लावून, आम्हाला त्रास नको म्हणून. खाली स्वयंपाकघरात ते ऐकू यायचं ते एखादं माणूस शेजारच्या खोलीत अडखळत हिशेब करतंय असं. एक ओळ, मग थांबणं. पुन्हा तीच ओळ. गाणं कुठे ते मला सापडेना. जेवताना मी आपल्या जाणकारीला शोभेल अशा सुरात विचारलं, “ही उद्याची सिम्फनी ना? ती जर्मन?”

“नाही. ती झोपेतही वाजवू. हे दुसरं.”

आणि मग तिने सांगितलं. उद्याच्या कार्यक्रमात सिम्फनीच्या आधी एक अकरा मिनिटांची रचना होती, नुसत्या तंतुवाद्यांची. ती तिच्या गुरुजींची. वय चौऱ्याऐंशी, तिच्याच गावात, लिफ्ट नसलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर एकटे राहतात. आयुष्यभर त्याच ऑर्केस्ट्रात व्हिओला वाजवला आणि तरुणपणी ही एकच रचना पुरी केली. ती देशाबाहेर कधी वाजली नव्हती. आधी मॉस्कोहून परवानगी मिळत नसे. बाहेर पाठवायचं ते सगळं ‘रशियन’ म्हणून जायचं आणि हे त्यात बसेना. मग देश मोकळा झाला, तेव्हा बाहेरून बोलावणारे म्हणायचे, लोकांना माहीत असलेलं आणा. आता युद्ध झाल्यावर सगळ्यांना अचानक युक्रेनियन संगीत हवं होतं, तर बर्लिनला माईक बिघडला, बेल्जियममध्ये एका मंत्र्यांना उशीर झाला, दोन्हीकडे हेच गळलं. नायमेखन हा या फेरीतला शेवटचा मुक्काम.

“मी त्यांना सोमवारी सकाळी फोन करणार आहे,” हलिना म्हणाली. “त्यांना रेकॉर्डिंग नको. म्हणतात, तू सांग कसं झालं. मी त्यांच्याशी खोटं बोलत नाही. बोललं तर त्यांना ऐकू येतं.”

“होणार, उद्या होणारच!” मी म्हणालो. “आम्ही सगळे ऐकणार आहोत!”

वसुधा ताक ओतत होती. हात न थांबवता तिने मराठीत विचारलं, “अहो, यांचं अकरा मिनिटांचं. तुमचं किती?”

“दहा.”

“घड्याळातली की पटवर्धनांची?”

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि हलिनाला विचारलं, घरी, तुमच्या गावी, आता कोण येतं हो ऐकायला? माझ्या डोळ्यांसमोर अश्रू ढाळणारा समुदाय होता. ती म्हणाली, तिकीट काढून येतात. भोंगा झाला की ऑर्केस्ट्रा आणि श्रोते सगळे तळघरात जातात. लवकर आटोपलं तर वर येऊन सोडलं तिथून पुढे वाजवतात. “मागच्या महिन्यात तळघरात एक म्हातारी शिक्षिका माझ्याशेजारी बसली होती. अर्धा तास मला सुनावत होती, की दुसरा भाग तुम्ही फार रेंगाळत वाजवला. बरोबर होतं तिचं. इथे तुम्ही लोक आम्ही वाजवण्याआधीच उभं राहून टाळ्या वाजवता. आम्ही वाईट वाजवलं तरी. मग आम्हाला कळत नाही आम्ही वादक आहोत की आजारी.”

हे वाक्य मी मानपत्रात घालावं का याचा त्या वेळी मी खरोखर विचार केला. आज लिहितानाही कानशिलं तापतात, पण केला.

रविवारी दुपारी अडीचचा कार्यक्रम. चारला थिएटर रिकामं करून द्यायचं होतं, कारण संध्याकाळी दुसऱ्यांचं नाटक होतं आणि त्यांचं नेपथ्य दारात ट्रकमध्ये उभं होतं. थिएटरच्या व्यवस्थापक यानेकेबाई: पायात बूट पळण्याचे, हातात वेळापत्रकाचा कागद. त्यांनी मला पडद्यामागे गाठलं. “दहा मिनिटं, हो ना? तुमच्याआधी हेमेंटेच्या सदस्यांची पाच. मग सुरू.” मी डचमध्ये शब्द दिला. डचमध्ये दिलेला शब्द मोडणं ही काय चीज असते हे इतकी वर्षं इथे काढून मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पण माझ्यामागे बावन्न नारळ होते. मुळात ठरलं होतं ते कंडक्टरला शाल, नारळ आणि चौकट एवढंच. आदल्या आठवड्यात पटवर्धन म्हणाले, “एकालाही वगळायचं नाही. माणसं युद्धातून आलीयत.” मग सुरिनामी दुकानदाराकडून बावन्न नारळ आले, प्रत्येकाला हळदकुंकू लागलं, आणि ते द्यायला मंडळाचे सव्वीस सभासद, जोडीजोडीने, नऊवारी आणि फेट्यांत, विंगेत रांगेत उभे. समईला थिएटरने मनाई केली होती, स्टेजवर ज्योत चालत नाही म्हणून. तर पटवर्धनांनी बॅटरीवरची आणली, जी पेटायच्या ऐवजी लुकलुकत होती, दुकानाच्या दारावरच्या पाटीसारखी.

हेमेंटेच्या सदस्यांनी पाचाची बारा मिनिटं घेतली. ते ‘संगीत पूल बांधतं’ असं सहा वेळा म्हणाले. ऑर्केस्ट्रा मागे वाद्यं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्यांच्यातला एक बास, म्हणजे माणसाएवढं व्हायोलिन, वाजवणारा उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. मग आम्ही. पटवर्धनांनी प्रास्ताविक केलं. समई लुकलुकली. कंडक्टरच्या डोक्यावर पुणेरी पगडी ठेवली गेली. त्यांचं डोकं मोठं निघालं, त्यामुळे ती कपाळावर उभी राहिली आणि ते सारखे वर बघायला लागले. मग नारळ. कधी कोणी व्हायोलिनवाल्याला नारळ देऊन बघितलाय? त्याचे दोन्ही हात आधीच गुंतलेले असतात. काहींनी तो गुडघ्यांत धरला, काहींनी खुर्चीखाली ठेवला. तिथून दोन सुटले आणि स्टेजच्या उतारावरून गडगडत पुढे आले. पहिल्या रांगेतल्या आजींनी पाय वर घेतले. बासून नावाची लांब फुंकणी वाजवणाऱ्याने मला वाकून विचारलं, “हा आत्ताच फोडायचा असतो का?” लोक हसत होते, फोटो काढत होते, आणि मला वाटलं, काय सुंदर रंगतंय.

मग मी माईकसमोर गेलो. मानपत्र आधी मराठीत वाचलं. मग इंग्रजीत. इंग्रजी संपताना विंगेत यानेकेबाई दिसल्या. त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं, मग गळ्यासमोरून आडवा हात फिरवला. ही खूण जगात कुठेही कळते. आणि मी वळून बघितलं तर व्हिओलांच्या रांगेत हलिना माझ्याकडे बघत होती. तिच्या स्टँडवर वरचा कागद होता तो हाताने लिहिलेला, जुना, कडा पिवळ्या पडलेला. आदल्या दिवशीचं तिचं सगळं सांगणं मला त्या क्षणी आठवलं. विसरलो होतो असं म्हणायची सोय मला नाही. पण डच भाषांतर राहिलं होतं. त्यावर मी दोन आठवडे घाम गाळला होता, आणि त्यात तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य असं होतं की ऐकून डच लोकांनी माझ्याकडे पुन्हा एकदा वळून बघितलं असतं. फक्त तेवढं, असं म्हणून मी चौकट उलटी केली आणि पहिल्यापासून वाचायला लागलो.

(वसुधाने हे प्रकरण वाचून समासात पेन्सिलीने लिहिलंय: ‘तुमचं सगळं मिळून चौतीस मिनिटं. मी लावलं होतं घड्याळ.’)

आम्ही टाळ्यांच्या गजरात खाली उतरलो. ऑर्केस्ट्राने एक छोटी, सगळ्यांच्या तोंडातली जाहिरातीतली धून वाजवली, तिच्यात मध्येच खुर्चीखालचा एक नारळ कोणाच्या तरी पायाने घरंगळल्याचा आवाज आला. मग यानेकेबाई स्वतः माईकवर आल्या आणि म्हणाल्या, वेळेअभावी पुढची रचना वगळावी लागत आहे, मध्यंतरही होणार नाही, सरळ सिम्फनीकडे जाऊ. प्रेक्षकांत कोणाला काही वाटलं नाही. ज्याचं नाव उच्चारता येत नाही ते वगळलं तर कोणाला वाटतं? फक्त स्टेजवर कागद उलटण्याचा आवाज झाला, वीस-पंचवीस कागद एकदम. तो आवाज मी ऐकला. सिम्फनी त्यानंतर चाळीस मिनिटं चालली, तिचा मला एक सूर आठवत नाही.

संध्याकाळी पटवर्धनांचा फोन. “अप्रतिम! पेपरात फोटो येणार, पगडीचा! ते वगळलं म्हणे एक काहीतरी?”

“हो. आपल्यामुळे.”

“छे हो. तसंही रटाळच असतं ते नवीन. तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका.”

मी फोन ठेवून हलिनाकडे गेलो. ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून धनुष्याला राळ लावत होती. बो म्हणतात त्याला, मी आपला धनुष्य म्हणतो. मी माफी मागायला सुरुवात केली आणि सवयीने माफीलाही प्रास्ताविक केलं. आमच्याकडे पाहुण्यांचा मान ही कशी जुनी परंपरा आहे, भावना कशी शुद्ध होती, हेमेंटेच्या माणसाने आधीच कसा वेळ खाल्ला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“तुमचं मानपत्र छान होतं,” ती म्हणाली. “तिन्ही वेळा.”

आणि माडीवर निघून गेली. वसुधाने भाताचं पातेलं माझ्यासमोर ठेवलं. तीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच टोमणा न मारता गप्प बसली होती. ते मला जास्त लागलं.

सोमवारी सकाळी बस साडेदहाला निघायची होती, म्हणजे माझ्या भोंग्याच्या आधीच. नऊला हलिना खाली आली ती बॅग बंद करून, कोट घालून, आणि व्हिओला हातात घेऊन. गॅसवर पोहे होते. तिने दिवाणखान्यातली एक खुर्ची उचलून मध्यभागी ठेवली, तो पिवळा कागद पुस्तकांच्या फळीला टेकवला आणि मला म्हणाली, “बसा.”

“मी?”

“मला दहा वाजता फोन करायचाय. मी त्यांच्याशी खोटं बोलत नाही. ते विचारणार, देशाबाहेर वाजलं का. तर वाजायला हवं. अकरा मिनिटं तुम्ही माझी देणं लागता. बसा.”

वसुधाने गॅस बंद केला, हात पुसले आणि माझ्याशेजारी येऊन बसली. हलिनाने कोट काढला नाही. चिमटीही लावली नाही.

आता हे नीट समजून घ्या. तंतुवाद्यांच्या त्या रचनेत पाच गट असतात, आणि व्हिओला मधला. त्याच्याकडे चाल क्वचितच येते. म्हणजे आम्हाला जे ऐकू आलं ते एखाद्या घराच्या भिंती, छप्पर, दारं काढून घेतली आणि नुसते वासे ठेवले तर दिसेल तसं. एकच सूर लांबच लांब. मग चार तुटक. मग काहीच नाही. त्या वेळी ती बो गुडघ्यावर टेकवून ओठांतल्या ओठांत तिच्या भाषेत मोजायची, आणि मान किंचित डावीकडे वळवून ऐकायची, जशी काही तिथे आमच्या टीव्हीच्या जागी व्हायोलिनं बसलीयत. मग बरोबर वेळेवर पुन्हा शिरायची. सुरुवातीला मला ऑफिसातल्यासारखं वाटलं: अर्धवट माल, काय तपासायचं. मग केव्हातरी, तिच्या ओठांकडे बघता बघता, मीही मोजायला लागलो. आणि मोजायला लागलो तसं लक्षात आलं, की ती गप्प असते तेव्हाही काहीतरी चाललेलं असतं, आपल्याला फक्त ऐकू येत नसतं. एका ठिकाणी व्हिओलाला चार ओळींची चाल मिळाली. गुरुजी स्वतः व्हिओलावाले, त्यांनी आपल्यासाठी तेवढी ठेवली असणार. साधीच होती, एखाद्या बाईने काम करता करता गुणगुणावी तशी. वसुधाने माझा हात धरला. तो कशासाठी धरला, कौतुकाने की मी काही बोलू नये म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही.

चाल वर चढत गेली, एकदम तुटली, आणि हलिना थांबली. या खेपेला ती मोजत नव्हती. ओठ मिटलेले. बो हवेत. डोळे मिटलेले. खोलीत शेजारच्या विम आजोबांच्या किटलीचा आवाज ऐकू येत होता. इतकं भरून आलं होतं मला, की मी वसुधाचा हात सोडवून घेतला आणि जोरात टाळ्या वाजवल्या.

एकट्याच्या टाळ्या फार वाईट वाजतात. चार वाजल्यावर पाचवी अर्ध्यात राहिली. हलिना हलली नव्हती. डोळेही उघडले नव्हते. “अहो,” वसुधा दातांत पुटपुटली, “झालेलं नाही.” हलिना आणखी तितकाच वेळ तशीच राहिली, मग बो खाली आणला आणि तो मघाचाच लांब सूर इतक्या हळू आवाजात वाजवला की तो केव्हा संपला ते मला सांगता येणार नाही. या खेपेला मी हात मांडीखाली घालून बसलो. बसूनच राहिलो. तिने शेवटी वाद्य खाली ठेवलं, कागद घडी करून पेटीत टाकला, पेटीचं कुलूप लावलं, तरी मी बसून होतो.

तिने फोन लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. पाचव्या मजल्यावरचा म्हातारा माणूस फोनपर्यंत यायचा होता. मग एक घोगरा, ठणठणीत आवाज आला. बोलणं आम्हाला कळत नव्हतं, पण प्रश्न कुठले आणि उत्तरं कुठली ते सुरावरून कळत होतं. प्रश्न लांब होते, उत्तरं एकेका शब्दाची. एकदा ती बरंच बोलली आणि बोलताना माझ्याकडे पाहिलं. त्यावर पलीकडे तो माणूस हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. हलिनाने फोन कानापासून थोडा दूर धरला.

फोन झाल्यावर ती बॅग उचलायला वाकली. मला राहवेना.

“काय म्हणाले?”

“विचारलं, वाजलं का. मी म्हटलं, वाजलं. विचारलं, किती लोक होते. मी म्हटलं, थोडे. विचारलं, मधल्या शांततेत कोणी टाळी वाजवली का.”

“मग?”

“मी म्हटलं, एकाने.” तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला, त्या कललेल्या डाव्या खांद्यावर नाही, उजव्या. “ते म्हणाले, पहिल्यांदा वाजलं तेव्हाही तिथेच एका बड्या अधिकाऱ्याने वाजवली होती. त्याला नंतर भाषण करायचं होतं.”

वसुधा तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. मी बॅग घ्यायला हात पुढे केला. हलिनाने ती दिली नाही, पेटीही दिली नाही, पण दाराशी थांबली.

“तुमचं नाव विचारत होते,” ती म्हणाली. “मी म्हटलं, नाव राहू दे. श्रोता आहे.”